गाडीचा पट्टा तुटण्याआधी बोलतो

एप्रिल-मे आला की खानदेशातल्या गाड्यांना उसंत नसते. निकाहाचा मोसम असतो, मुलांना सुट्टी लागलेली असते. कुणाकडे मालेगावात वलीमा, कुणाची बहीण बुऱ्हाणपूरला दिलेली, तर कुणाला मुलांना घेऊन खुलताबाद आणि वेरूळ करायचे असते. याच दिवसांत जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर गेलेला असतो. निघण्यापूर्वी टायरमधली हवा बघितली जाते, रेडिएटरमध्ये पाणी घातले जाते, इंजिनातले ऑइल तपासले जाते. पण बॉनेट उघडल्यावर इंजिनाच्या एका बाजूला फिरणारा काळा रबरी पट्टा बघणारे फार थोडे. हा पट्टा काही शे रुपयांचा असतो, फार तर दीड-दोन हजारांचा. तो वाटेत तुटला, तर इंजिनाचे काम निघते आणि त्याचा आकडा मोठा असतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गाडीत बसलेली माणसे भर उन्हात किंवा घाटाच्या उतारावर अडकतात.

आम्ही पाच शिक्षक धुळे-जळगाव महामार्गावरून रोज एकाच गाडीने शाळेला जातो-येतो. पेट्रोलचा आणि दुरुस्तीचा खर्च वाटून घेतो. त्यामुळे गाडीचा कोणता आवाज कशाचा, यावर आमच्यात नेहमी चर्चा चालते. या लेखात जे आहे ते काही त्या चर्चेतून, काही गॅरेजात उभे राहून आणि काही पुस्तकातून जमवलेले आहे. उद्देश एवढाच, की वाचक बंधू-भगिनींनी सफरीला निघण्याआधी पाच मिनिटे काढून आपल्या गाडीचा पट्टा स्वतः बघावा.

पट्टा करतो काय?

पिठाच्या गिरणीत मोटरवरून जात्याकडे जाणारा पट्टा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. जिनिंगमध्येही तेच. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल यांच्या काळात तर एका मोठ्या इंजिनाची ताकद शाफ्ट आणि पट्ट्यांवरून सगळ्या गिरणीभर खेळवण्याची रीत होती. गाडीत तेच तत्त्व लहान जागेत बसवलेले आहे. इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकाला एक पुली असते. तिच्यावरून निघालेला पट्टा बाकीची यंत्रे फिरवतो.

यातले पहिले यंत्र म्हणजे अल्टरनेटर. जुने मिस्त्री त्याला अजून डायनॅमोच म्हणतात. तो बॅटरी चार्ज करतो आणि दिवे, पंखा, हॉर्न यांना वीज देतो. दुसरा वॉटर पंप, जो इंजिन थंड ठेवणारे पाणी फिरवतो. तिसरा एसीचा कॉम्प्रेसर. चौथा, ज्या गाड्यांत हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग आहे त्यांत तिचा पंप. काही गाड्यांत हे सर्व एकाच पट्ट्यावर चालते, काहींत दोन-तीन वेगवेगळे पट्टे असतात. नव्या अनेक गाड्यांत स्टिअरिंग विजेवर चालते, तिथे पट्ट्यावरचा तेवढा भार कमी झालेला आहे.

अ‍ॅम्बॅसिडर, पद्मिनी आणि जुन्या जीपमध्ये रेडिएटरचा पंखाही याच पट्ट्यावर फिरत असे. म्हणून त्याचे नाव पडले फॅन बेल्ट. आता बहुतेक मोटारींत पंखा विजेच्या मोटरवर गेला, नाव मात्र तेच राहिले. गॅरेजात आजही "फॅन बेल्ट बघा" म्हटले की समजते.

या पट्ट्यावर किती काम पडते याचा हिशेब आम्ही एकदा वर्गात मुलांकडून करून घेतला. समजा, क्रँकशाफ्टची पुली १५ सेंटीमीटर व्यासाची आहे. तिचा परीघ झाला सुमारे ४७ सेंटीमीटर. इंजिन मिनिटाला २५०० फेरे घेत असेल, तर पट्टा मिनिटाला सुमारे ११७५ मीटर धावतो. म्हणजे ताशी ७० किलोमीटर. पट्टा १ मीटर लांबीचा असेल तर एका तासात त्याच्या ७० हजार फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरीत तो प्रत्येक पुलीवर वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. धुळ्याहून जळगाव सुमारे ९० किलोमीटर. तेवढ्या वाटेत पट्टा लाखाहून जास्त फेऱ्या मारतो. त्यात इंजिनाची उष्णता, रस्त्याची धूळ आणि वरून खानदेशचे ऊन. रबर कडक होते, चिरते, झिजते. यात नवल काही नाही.

दोन जातीचे पट्टे

पहिली जात व्ही-बेल्टची. आडवा छेद घेतला तर तो खाली निमुळता दिसतो. पुलीच्या खाचेत तो पाचरीसारखा रुतून बसतो, आणि म्हणूनच सपाट पट्ट्यापेक्षा घट्ट पकडतो. गिरणीत, शेतातल्या मळणी यंत्रात आणि जुन्या गाड्यांत हाच असतो. अमेरिकेतल्या गेट्स कंपनीने १९१७ मध्ये रबरी व्ही-बेल्ट आणला आणि त्याने चामड्याच्या व दोराच्या पट्ट्यांना मागे टाकले. आज असे पट्टे आपल्या महाराष्ट्रातही बनतात. नागपूरजवळच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीतली पिक्स ट्रान्समिशन्स ही कंपनी त्यांपैकी एक.

दुसरी जात रिबवाल्या पट्ट्याची. हा रुंद आणि पातळ असतो, आणि आतल्या बाजूला लांबीच्या दिशेने चार, पाच, सहा बारीक उंचवटे असतात. त्यांना रिब म्हणतात. पातळ असल्यामुळे तो उलटसुलट वळणे घेत अनेक पुल्यांवरून जाऊ शकतो. त्याचा ताण सांभाळायला बहुधा स्प्रिंगचा टेन्शनर असतो. आजच्या बहुतेक गाड्यांत हाच पट्टा असतो.

इथे एक गोंधळ टाळला पाहिजे. टायमिंग बेल्ट ही तिसरी, निराळी वस्तू आहे. तो झाकणाच्या आत असतो, त्याला आडवे दात असतात, आणि इंजिनाचे व्हॉल्व्ह कधी उघडायचे व मिटायचे ते तो सांभाळतो. मारुती ८००, ओम्नी, डिझेल इंडिका यांत टायमिंग बेल्ट आहे. स्विफ्टच्या १.३ लिटर डिझेल इंजिनात त्या जागी साखळी आहे. टायमिंग बेल्ट तुटला तर गाडी जागेवर बंद पडते, आणि अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. तो बाहेरून दिसत नाही, आवाजही फारसा करत नाही. म्हणून तो दिसण्यावर नव्हे, तर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरवर किंवा वर्षांवर बदलायचा. आपण जुनी गाडी विकत घेतली असेल आणि हा पट्टा कधी बदलला याची पावती मिळाली नसेल, तर बदललेला नाही असे धरूनच चालावे. या लेखातले बाकीचे सर्व बाहेरच्या पट्ट्याविषयी आहे.

कानाने ओळखणे

गेल्या हिवाळ्यात आमच्या गाडीने सकाळी सुरू करताना चीं असा आवाज काढायला सुरुवात केली. अर्धा मिनिट आवाज, मग शांत. एकजण म्हणाले, दव पडते म्हणून असेल. बाईंचे म्हणणे पडले की एसी लावला तेव्हाही परवा तसाच आवाज आला होता. त्याच आठवड्यात आम्ही गाडी गॅरेजात नेली. उस्तादांनी पट्टा काढला, आमच्यासमोर धरला. वरून तो ठीक दिसत होता. मग त्यांनी तो उलटा वाकवला, आणि आतल्या बाजूच्या रिबांवर एकाशेजारी एक आडव्या चिरा उघड्या पडल्या. "सर, पट्टा सरळ असतो तेव्हा खोटं बोलतो. वाकवला की खरं सांगतो," असे ते म्हणाले.

आवाजाचे साधारण दोन प्रकार असतात. लांब, किंचाळल्यासारखा चीं आवाज म्हणजे पट्टा पुलीवर घसरतो आहे. तो थंड इंजिन सुरू करताना, एसी लावल्याबरोबर, किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवताना येतो, कारण त्या वेळी पट्ट्यावर एकदम भार पडतो. दुसरा, चिमणीसारखा तुटक चिव-चिव आवाज. तो इंजिनाच्या वेगाबरोबर जलद होतो. याचे कारण बहुधा एखादी पुली वाकडी किंवा एका ओळीत नसणे हे असते. मिस्त्री एक सोपी परीक्षा करतात. इंजिन चालू असताना लांबून पट्ट्याच्या रिबांवर थोडे पाणी फवारतात. चिव-चिव क्षणभर थांबून पुन्हा सुरू झाली तर पुलीचा दोष. किंचाळी वाढली तर पट्टा ढिला. ही परीक्षा मिस्त्रीलाच करू द्यावी. चालत्या पट्ट्याजवळ आपला हात, ओढणी, दुपट्टा, बाही काहीही जाता कामा नये.

खरखर किंवा घरघर असा जड आवाज असेल, तर दोष पट्ट्याचा नसून टेन्शनर, अल्टरनेटर किंवा वॉटर पंपाच्या बेअरिंगचा असू शकतो. तिथे नुसता पट्टा बदलून उपयोग नाही.

डोळ्यांनी आणि बोटाने ओळखणे

इंजिन बंद, थंड, आणि किल्ली काढून खिशात. कारण आता अनेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही फिरू शकतो. मोबाइलची बॅटरी लावावी आणि पट्ट्याचा जेवढा भाग दिसतो तेवढा नीट बघावा. या गोष्टी शोधायच्या:

आडव्या चिरा. जुन्या प्रकारच्या रबरात त्या लवकर दिसतात. एका रिबवर साधारण ३ इंचांत ३ किंवा जास्त चिरा असतील, तर पट्ट्याचे दिवस भरले.

तुकडा निघालेला रिब, किंवा कडेने सुटलेले धागे. असे दिसले तर त्या पट्ट्यावर सफर करू नये. गावातल्या गावात गॅरेजपर्यंत जावे, एवढेच.

चकाकी. पट्ट्याची आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत व चमकदार झाली असेल, तर तो घसरून घसरून तापलेला आहे.

ऑइल किंवा कूलंटचा ओलावा. तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते. आधी गळती बंद करावी, मगच पट्टा बदलावा. नाहीतर नवाही महिन्याभरात तसाच होतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवली पाहिजे. अलीकडच्या पट्ट्यांत ईपीडीएम नावाचे रबर वापरतात. ते सहसा चिरत नाही, टायरसारखे झिजत जाते. रिबांमधल्या खाचा रुंद होत जातात, पट्टा पुलीत खाली बसतो आणि घसरू लागतो. वरून पाहणाऱ्याला तो चांगलाच वाटतो. त्यामुळे नव्या गाडीच्या पट्ट्याला चिरा नाहीत म्हणजे तो ठीक आहे, असे समजू नये. त्याची झीज मोजण्याचे प्लास्टिकचे छोटे गेज मिळते. ते नसेल तर किलोमीटरचा हिशेब ठेवावा. रिबवाला पट्टा साधारण ६० हजार ते १ लाख किलोमीटर जातो, पण आपल्या गाडीच्या पुस्तिकेत जो आकडा असेल तोच धरावा. आपल्याकडच्या धुळीत आणि उन्हात तो आकडा गाठण्याची वाट न बघता थोडा आधीच बदललेला बरा.

व्ही-बेल्टचा ताण बोटाने कळतो. दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब भागावर मधोमध अंगठ्याने दाबावे. साधारण १० मिलिमीटर दबला तर ठीक. फार दबला तर ढिला, मुळीच दबला नाही तर फार ताणलेला. ताणलेला पट्टाही वाईटच, कारण तो अल्टरनेटर आणि वॉटर पंपाची बेअरिंग खातो.

काहीजण आवाज बंद करण्यासाठी पट्ट्याला साबण, मेण किंवा गिरणीत लावतात तशी राळ लावतात. त्याने दोन दिवस शांतता मिळते, पण त्यावर धूळ चिकटते आणि पट्टा आणखी लवकर जातो. आवाज बंद झाला तरी दोष जागच्या जागी राहतो.

घाटात तुटला तर

चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा औट्रम घाट, धुळ्याजवळचा लळिंगचा चढ, सुरतेच्या रस्त्यावरचा कोंडाईबारी घाट. खानदेशातून बाहेर पडायचे म्हणजे बहुतेक वाटांवर एखादा चढ-उतार आलाच. अशा जागी पट्टा तुटला तर काय काय होते ते गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावे.

आधी एक धपकन किंवा फटफट आवाज येतो. लगेच डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो. एसीची हवा गरम होते. हायड्रॉलिक स्टिअरिंग असेल तर ते एकदम जड होते. वॉटर पंप त्याच पट्ट्यावर असेल तर काही मिनिटांत तापमानाचा काटा चढू लागतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अनेक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला असतो. पट्टा तुटला की तोही थांबतो. मग साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन वेळा ब्रेक नेहमीसारखा लागतो, त्यानंतर पेडल दगडासारखे कडक होते. ब्रेक तुटलेला नसतो, पण त्याला पायाचा कितीतरी जास्त जोर लागतो. उतारावर हे अचानक कळले तर माणूस घाबरतो.

म्हणून बॅटरीचा दिवा चालत्या गाडीत लागला, की तो नुसता बॅटरीचा विषय समजू नये. ब्रेक पुन्हा पुन्हा पंप करू नये. खालच्या गिअरमध्ये येऊन, एकदाच घट्ट दाबून, जागा बघून गाडी कडेला घ्यावी. स्टिअरिंग दोन्ही हातांनी वळवावे. गाडी थांबली की इंजिन बंद करावे, हँडब्रेक लावावा, चाकामागे दगड ठेवावा, माणसांना रस्त्यापासून दूर उभे करावे. काटा चढलेला असताना "पुढच्या गावापर्यंत जाऊ" म्हणणे इंजिनाला महागात पडते. अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते, गॅस्केट जाते. आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कोणत्याही घाईत उघडू नये. आतले उकळते पाणी दाबाने तोंडावर येते. किमान अर्धा तास थांबावे, मग जाड कापड धरून झाकण हळूहळू फिरवावे.

बदलताना

व्ही-बेल्ट बदलणे हे जरा हात चालणाऱ्या माणसाला घरी जमण्यासारखे काम आहे. इंजिन थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. पट्टा कसा गेला आहे त्याचा मोबाइलवर फोटो घ्यावा. अल्टरनेटरचा खालचा बोल्ट आणि वरच्या पट्टीवरचा बोल्ट ढिला करावा, अल्टरनेटर इंजिनाकडे ढकलावा, की पट्टा सैल होऊन निघतो. नवा पट्टा ओढून-ताणून, स्क्रूड्रायव्हर घालून पुलीवर चढवू नये, आतले धागे तुटतात. बसवल्यावर अल्टरनेटर बाहेर ओढून ताण द्यावा, अंगठ्याने तपासावा, बोल्ट घट्ट करावेत. दहा-पंधरा मिनिटे इंजिन चालवून बंद करावे आणि ताण पुन्हा बघावा. नवा पट्टा सुरुवातीला थोडा सैल पडतो. म्हणून आठवड्याने आणखी एकदा बघावा.

रिबवाल्या पट्ट्यात टेन्शनर पान्याने फिरवून धरावा लागतो आणि वरच्या गुळगुळीत पुलीवरून पट्टा सरकवून काढतात. जागा फार अरुंद असते, काही गाड्यांत चाक आणि आतले कव्हर काढावे लागते. हे काम गॅरेजातच करावे. पण तिथे उभे राहून चार गोष्टी जरूर बघाव्यात. पट्टा काढल्यावर प्रत्येक पुली हाताने फिरवून बघितली का? खरखर किंवा डुगडुग असेल तर ती आत्ताच बदलणे स्वस्त, कारण मजुरी एकदाच लागते. पुलीच्या खाचा पुसल्या का? नव्या पट्ट्याचा प्रत्येक रिब आपापल्या खाचेत बसला का? एक रिब बाहेर राहिला तर पट्टा लवकरच कडेने फाटतो. आणि शेवटी, काम झाल्यावर इंजिन चालू करून, एसी आणि दिवे लावून आवाज ऐकला का? मिस्त्रींकडे मीटर असेल तर बॅटरीवर लावायला सांगावे. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, चालू असताना १४ च्या आसपास दिसले म्हणजे अल्टरनेटर नीट फिरतो आहे.

दुकानात पट्टा घेताना जुन्या पट्ट्याच्या पाठीवरचा नंबर वाचावा. ६ पीके १७५० असे लिहिले असेल तर ६ रिब आणि १७५० मिलिमीटर लांबी. नंबर पुसला असेल तर गाडीचे मॉडेल, वर्ष, आणि एसी व पॉवर स्टिअरिंग आहे की नाही हे सांगावे, कारण एकाच गाडीला त्यानुसार वेगळा पट्टा लागतो. "थोडा लहान आहे, बसेल" असे कुणी म्हटले तर घेऊ नये. पक्के बिल घ्यावे, त्यावर किलोमीटर लिहून गाडीच्या कागदांत ठेवावे.

जुना पट्टा चांगल्या अवस्थेत असतानाच बदलला असेल, तर तो फेकू नये. डिकीत एका पिशवीत ठेवावा. आडगावात योग्य नंबरचा पट्टा मिळेलच असे नाही, पण पट्टा हातात असला तर चढवून देणारा मिस्त्री किंवा ट्रॅक्टरवाला सहसा भेटतो.

आमच्यातल्या दोन बाई आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ऑइलबरोबर पट्टाही बघतात आणि डॅशबोर्डच्या खणातल्या वहीत तारीख व किलोमीटर लिहितात. घरातल्या गाडीसाठीही अशी एक वही पुरते. ती तपासणी भाईजानने केली की भाभीने, की बारावीत शिकणाऱ्या मुलीने, याने पट्ट्याला काही फरक पडत नाही. उन्हाळ्याच्या आधी एकदा, पावसाळा संपल्यावर एकदा, आणि घाट लागणाऱ्या प्रत्येक लांबच्या सफरीच्या दोन दिवस आधी एकदा तो बघावा. दोन दिवस आधी एवढ्यासाठी, की दोष सापडला तर गॅरेज उघडे असताना काम करून घेता येते, आणि पहाटे सामान भरताना घरच्यांना थांबावे लागत नाही.